इराण्याकडे दोघांत एक मस्का

जुना मित्र भेटलाय, गप्पा तुंबल्यात आणि खिसा बेताचा आहे? मग इराण्याकडे चला. चहा येईपर्यंत मित्राला ऐकवायला हा खुराक.

कोपरा का? एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून इराणच्या यझ्द-केरमान भागातून बरेच झरथुष्ट्री मुंबईत आले. रस्त्याच्या कोपऱ्यावरची जागा अशुभ म्हणून इतर व्यापारी टाळायचे. ती या इराण्यांनी हॉटेलांसाठी स्वस्तात उचलली, असं सांगतात. दोन्हीकडचा वारा आणि दोन्हीकडचं गिऱ्हाईक!

खुर्ची परदेशी: वाफेवर वाकवलेल्या लाकडाच्या या खुर्चीचं घराणं ऑस्ट्रियाचं. थोनेट कंपनीच्या १८५९ सालच्या प्रसिद्ध मॉडेलचे भाग सहा, स्क्रू दहा, नट दोन. सुट्या केलेल्या ३६ खुर्च्या एक घनमीटरच्या खोक्यात मावायच्या.

भिंतभर आरसे: हॉटेल ऐसपैस दिसतं, शिवाय गल्ल्यावरच्या शेठला सगळी टेबलं बसल्या जागी दिसतात. मित्राचा मस्का जपून पळवा.

फॅमिली रूम: पोटमाळ्यावर किंवा मागच्या बाजूला लाकडी आडोशाच्या केबिन. सोय बायकामुलांसाठी, फायदा कॉलेजातल्या जोड्यांना.

पाट्यांवर कविता: इथे काय काय करू नये, याच्या पाट्या इतक्या गाजल्या की निसिम इझिकेल यांनी थेट त्यांच्यावरच इंग्रजी कविता केली.

ब्रून की बन? बन मऊ, गोडसर. ब्रून बाहेरून कडक, आतून लुसलुशीत. दातांना व्यायाम नको असेल तर चहात बुडवा. मस्का वितळून चहावर पिवळे थेंब तरंगू लागले, की पाव तोंडात टाकायचा. उशीर केलात तर तो कपाच्या तळाशी.

सकाळचा खजिना: ग्रँट रोड स्टेशनसमोरचं बी. मेरवान १९१४ सालचं. तिथला मावा केक हवा असेल तर मित्राला लवकर उठवा.

आंबटगोड पुलाव: बॅलार्ड इस्टेटमधलं ब्रिटानिया १९२३ पासून आहे. तिथल्या बेरी पुलावावर पेरलेली लालभडक, आंबट बेरी इराणची. सोबत रास्पबेरी सोडा मागवा. तो बनवणाऱ्या पालनजींचा धंदा १८६५ पासूनचा.

हॉटेलवरून चौक: पुण्यात डेक्कनला १९३५ मध्ये कॅफे गुडलक निघालं आणि समोरचा चौक पुणेकरांच्या तोंडी ‘गुडलक चौक’ झाला. भेटायचा पत्ता यापेक्षा सोपा नाही.

लंडनची वारी: मुंबईच्या इराणी कॅफेंवर बेतलेलं ‘दिशूम’ २०१० मध्ये लंडनला सुरू झालं. मुंबईत मात्र मूळ कॅफे एकेक करून बंद पडत गेले. धोबी तलावचं कयानी, १९०४ सालचं, अजून टिकून आहे.

तेव्हा ‘भेटू कधीतरी’ पुरे, वार ठरवा. आणि बिल कोण देणार यावरून भांडायचंच असेल तर गल्ल्यापाशी जाऊन भांडा. टेबलासाठी मागे दोघं उभे आहेत.