फुलांच्या रंगांचे जनुकीय नियंत्रण

शोभेच्या वनस्पतींच्या फुलांत कोणती रंगद्रव्ये, किती प्रमाणात आणि पाकळीच्या कोणत्या भागात तयार व्हावीत हे त्या वनस्पतीच्या जनुकांवरून ठरते. यालाच फुलांच्या रंगांचे जनुकीय नियंत्रण असे म्हणतात. बोलण्याच्या ओघात 'निळ्या रंगाचे जनुक' असा शब्दप्रयोग केला जातो. परंतु कोणतेही जनुक स्वतः रंग निर्माण करीत नाही. जनुकात एखादे विकर (एंझाइम) घडविण्याची माहिती असते. ते विकर एका पदार्थाचे दुसऱ्या पदार्थात रूपांतर करते आणि अशा अनेक पायऱ्या ओलांडल्यावर रंगद्रव्य हाती लागते. त्यामुळे मधली एकच पायरी निकामी झाली, तरी जांभळ्या फुलांच्या रोपाला पांढरी फुले येऊ शकतात.

रंगद्रव्यांचे गट

फुलांतील बहुतेक तांबडे, जांभळे व निळे रंग अँथोसायनिन या रंगद्रव्यांमुळे येतात. ही पाण्यात विरघळणारी असून पेशीतील रिक्तिकेत साठतात. झेंडूचा पिवळा व नारिंगी रंग कॅरोटिनॉइडांचा असतो. ती वर्णलवकांत राहतात. तिसरा गट बीटालेनांचा. गुलबक्षी, कोंबडा, चिनी गुलाब आणि बोगनवेलीची रंगीत छदे यांचा रंग या गटातील आहे. अँथोसायनिन आणि बीटालेन ही दोन्ही एकाच वनस्पतीत निसर्गतः आढळत नाहीत.

पांढऱ्या रंगाची कारणे मात्र अनेक आहेत. पांढऱ्या शेवंतीच्या पाकळीत कॅरोटिनॉइडे तयार होतात, पण एका विशिष्ट जनुकापासून बनणारे विकर त्यांचे तुकडे करून टाकते. हे जनुक निष्प्रभ केल्यास पांढऱ्या शेवंतीची फुले पिवळसर होतात.

अँथोसायनिनची साखळी

अँथोसायनिनची सुरुवात फिनिलॲलॅनिन या ॲमिनो आम्लापासून होते. पुढे कॅल्कोन सिंथेज हे विकर साखळीचा पाया घालते. नंतरच्या टप्प्यावर वाट फुटते आणि रेणूच्या एका कड्यावर किती हायड्रॉक्सिल गट जोडले जातात, यावर रंगाची दिशा ठरते. एक गट असल्यास पेलार्गोनिडिन (नारिंगी ते शेंदरी), दोन असल्यास सायनिडिन (तांबडा ते किरमिजी) आणि तीन असल्यास डेल्फिनिडिन (जांभळा ते निळा) तयार होते. हे गट जोडणाऱ्या विकरांची जनुके निरनिराळी आहेत. एखाद्या वनस्पतीत त्यांपैकी एक नसेल, तर रंगांचा तो पट्टाच तिला बंद होतो. गुलाब, कार्नेशन आणि शेवंती यांत डेल्फिनिडिनकडे नेणारे विकर नाही. कित्येक पिढ्या संकर करूनही निळा गुलाब मिळाला नाही, त्याचे मुख्य कारण हेच.

विकरांच्या जनुकांखेरीज, ती केव्हा व कोठे कार्यान्वित व्हावीत हे सांगणारी नियामक जनुकेही असतात. मेंडेलने अभ्यासलेल्या वाटाण्यातील जांभळ्या व पांढऱ्या फुलांचा भेद अशाच एका नियामक जनुकातील बिघाडामुळे पडतो, हे २०१० साली स्पष्ट झाले. पाकळीवरील शिरांचे नक्षीकाम व ठिपके यांमागेही बहुधा नियामक जनुके असतात.

जपानी मॉर्निंग ग्लोरीच्या पांढऱ्या फुलांवरील रंगीत शिंतोड्यांचे कारण निराळे आहे. तेथे डीएनएचा एक चल तुकडा रंगाच्या जनुकात शिरून ते बंद पाडतो. एखाद्या पेशीत तो तुकडा निसटला, की त्या पेशीच्या वंशजांत रंग परत येतो. तुकडा जितका लवकर निसटेल, तितका रंगीत पट्टा मोठा.

पेटुनियावरील प्रयोग

पेटुनियाच्या साखळीतील डायहायड्रोफ्लॅव्होनॉल रिडक्टेज हे विकर एकाच हायड्रॉक्सिल गटाचा पूर्वपदार्थ स्वीकारत नाही. म्हणून पेटुनियात निसर्गतः नारिंगी फूल नसते. मक्यातील याच कामाचे विकर तो पदार्थ स्वीकारते. १९८७ साली जर्मनीतील कोलोन येथील संशोधकांनी मक्याचे ते जनुक पेटुनियात घातले आणि विटकरी रंगाची फुले मिळविली. १९९० साली अशी सुमारे ३०,००० रोपे शेतात लावण्यात आली. उन्हाळा वाढला तसा अनेक रोपांचा रंग फिका पडला. जनुक जागच्या जागी होते. पण त्याच्या नियंत्रक भागावर मिथिल गट चढून ते मुके झाले होते.

त्याच वर्षी अमेरिकेतील एक निष्कर्ष प्रसिद्ध झाला. जांभळा रंग अधिक गडद व्हावा म्हणून पेटुनियात कॅल्कोन सिंथेजच्या जनुकाची जादा प्रत घालण्यात आली होती, परंतु अनेक रोपांना पांढरी किंवा पांढऱ्या पट्ट्यांची फुले आली. जादा प्रतीने मूळ जनुकालाही गप्प केले होते. या कोड्याचा उलगडा पुढे आरएनए व्यत्यय या यंत्रणेतून झाला. त्या यंत्रणेच्या शोधासाठी अँड्र्यू फायर व क्रेग मेलो यांना २००६ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांचे प्रयोग सूत्रकृमीवर झाले होते. पेटुनियाचे श्रेय त्यामुळे बरेचदा विसरले जाते.

२०१७ साली फिनलंडमध्ये विक्रीस असलेल्या नारिंगी पेटुनियांत मक्याचे जनुक आढळले. तपासणीत युरोप व अमेरिकेतील अनेक वाणांत ते सापडले आणि आवश्यक परवानगी नसल्याने ती रोपे बाजारातून काढून घ्यावी लागली.

निळ्या रंगाचा शोध

पॅन्सीचे जनुक घालून तयार केलेला 'निळा' गुलाब २००९ साली जपानमध्ये विक्रीस आला. प्रत्यक्षात तो फिकट जांभळा आहे. अशा प्रायोगिक गुलाबांत डेल्फिनिडिन भरपूर साठले, तरी गुलाबाच्या पाकळीतील पेशीरस आम्लधर्मी असल्याने शुद्ध निळा रंग खुलत नाही. रंगद्रव्याबरोबर रिक्तिकेचा सामू, धातूंचे आयन आणि सोबतची रंगहीन द्रव्येही रंग ठरवितात. कॉर्नफ्लॉवरचा निळा आणि गुलाबाचा तांबडा रंग एकाच सायनिडिनपासून बनतो. 'हेवनली ब्लू' मॉर्निंग ग्लोरीची कळी जांभळट असते. उमलताना रिक्तिकेचा सामू सुमारे ६.६ वरून ७.७ पर्यंत चढतो आणि फूल निळे होते. हा बदल घडविणारे जनुकही ओळखले गेले आहे.

शेवंतीत मात्र निळा रंग साधला. जपानी संशोधकांनी २०१७ साली तीत दोन परकी जनुके एकत्र घातली. कॅंटरबरी बेल या फुलाच्या जनुकामुळे डेल्फिनिडिन तयार झाले. दुसरे जनुक महाराष्ट्रात कुंपणावर सहज आढळणाऱ्या गोकर्णाचे. त्याने त्या रेणूवर ग्लुकोजचे जादा गट जोडले. असे रंगद्रव्य शेवंतीत आधीपासून असलेल्या रंगहीन फ्लॅव्होनांच्या सान्निध्यात निळे दिसते, त्यासाठी पेशीरसाचा सामू बदलावा लागत नाही.