जुनी डिझेल इंजिनं आणि त्यांच्यामागे जाणारी माणसं

आजचा विषय वाचून तुमच्यापैकी काहींना हसू आलं असेल. ब्रिटनमध्ये अशी माणसं आहेत की जी पहाटे उठून दोन-तीनशे मैलांचा प्रवास करतात, एका आडबाजूच्या स्टेशनवर जातात, तिथून सुटणाऱ्या साध्या पॅसेंजर गाडीत बसतात, शेवटच्या स्टेशनवर उतरतात आणि त्याच गाडीनं परत येतात. त्या गावात त्यांचं काही काम नसतं, कोणी पाहुणा राहत नसतो. गाडीला पुढे एक जुनं डिझेल इंजिन लागलेलं असतं, आणि त्याच्यासाठी ही सगळी यातायात. हे वेड आलं कुठून, त्यात नेमका आनंद कशाचा, आणि त्याची किंमत कोण मोजतं, हे आज आपण पाहू.

सुरुवात थोड्या इतिहासानं करू. ब्रिटिश रेल्वेच्या मुख्य मार्गांवरची वाफेच्या इंजिनांची शेवटची गाडी ११ ऑगस्ट १९६८ रोजी धावली. तेव्हाच्या रेल्वेप्रेमींना डिझेल म्हणजे शत्रूच वाटायचा. पण त्यानंतर वाढलेल्या मुलांनी फलाटावर उभं राहून पाहिलं ते डिझेलच. त्यांच्या लहानपणाचा आवाज तोच आणि वासही तोच. त्यांनी इंजिनांना टोपणनावं दिली. टर्बोचार्जरच्या शिट्टीमुळे एका वर्गाला ‘व्हिसलर’ म्हणू लागले. हवा ओढतानाच्या आवाजामुळे दुसरा वर्ग ‘हूवर’ झाला, म्हणजे आपला व्हॅक्यूम क्लीनर! डेल्टिक नावाची ३,३०० अश्वशक्तीची फक्त २२ इंजिनं होती. जानेवारी १९८२ मध्ये त्यांची शेवटची गाडी निघाली तेव्हा रुळांच्या कडेला माणसांची गर्दी होती. वाफेला निरोप देताना जे झालं होतं, तेच चौदा वर्षांत डिझेलच्या वाट्याला आलं.

आता आजच्या कथेच्या नायकाकडे येऊ. क्लास ३७, टोपणनाव ‘ट्रॅक्टर’. इंग्लिश इलेक्ट्रिक कंपनीनं १९६० ते १९६५ या काळात अशी ३०९ इंजिनं बांधली. वजन शंभर टनांच्या वर, चाकांचे सहा आस, बारा सिलिंडर आणि १,७५० अश्वशक्ती. दिसायला म्हणाल तर पुढे नाक काढलेला एक लोखंडी ठोकळा. यातली बरीचशी इंजिनं न्यूटन-ल-विलोज इथल्या व्हल्कन फाउंड्रीत तयार झाली. हे नाव आपण लक्षात ठेवू, त्याच्याकडे शेवटी परत यायचं आहे.

या माणसांच्या बोलीत इंजिनाच्या आवाजाला ‘थ्रॅश’ म्हणतात. हा थ्रॅश समजून घ्यायचा तर इंजिनाच्या आत काय चालतं ते पाहावं लागेल. डिझेल-इलेक्ट्रिक इंजिनात डिझेलची ताकद थेट चाकांना जात नाही. डिझेल इंजिन जनरेटर फिरवतं, जनरेटर वीज तयार करतो, आणि ती वीज आसांवरच्या मोटारींना मिळते. त्यामुळे एक गंमत होते. ड्रायव्हरनं कंट्रोलर उघडला की डिझेल इंजिन मिनिटाला ८५० फेऱ्यांपर्यंत चढत जातं, पण गाडी अजून जेमतेम चालण्याच्या वेगानं सरकत असते. आवाज आधी येतो, वेग मागून. रिकामी बैलगाडी आणि भरलेली बैलगाडी यांच्यात जो फरक आपल्या कानाला कळतो, तसाच हा फरक. शंभर टनांचं धूड ओझं उचलतंय हे डोळे मिटूनही कळतं. एकदा वेग पकडला की ड्रायव्हर कंट्रोलर खाली आणतो आणि आवाज ओसरतो.

आता एक प्रश्न. मग हे लोक ऐटबाज एक्स्प्रेस सोडून पॅसेंजरमध्ये का बसतात? उत्तर आत्ताच्या वर्णनातच आहे. एक्स्प्रेस तासाभरात एखाद्या वेळी थांबते, म्हणजे एखादाच थ्रॅश ऐकायला मिळतो. पॅसेंजर दर पाच-दहा मिनिटांनी थांबते, आणि प्रत्येक वेळी इंजिनाला शून्यापासून सुरुवात करावी लागते. इतर प्रवासी ज्याला रखडणं म्हणतात, तेच यांच्यासाठी गाणं असतं. ही मंडळी स्वतःला गमतीनं ‘क्रँक’ म्हणवून घेतात आणि बाकीच्यांना ‘नॉर्मल’. वहीत इंजिनाचा नंबर आणि त्याच्यामागे केलेले मैल लिहून ठेवतात. न मिळालेलं इंजिन मिळालं की तो ‘विनर’.

पण साठीच्या दशकातली इंजिनं एकविसाव्या शतकात रोजच्या गाड्यांना लागलीच कशी? कारण अगदी व्यवहारी आहे. ब्रिटनच्या छोट्या मार्गांवर बहुतेक ठिकाणी डीएमयू धावतात. म्हणजे वेगळं इंजिन नाही, डब्यांच्या खालीच मोटारगाडीसारखी इंजिनं बसवलेली. प्रवासी वाढले, नव्या गाड्या यायला उशीर झाला, डीएमयू कमी पडू लागल्या. मग मालगाड्यांच्या कंपन्यांकडून जुनी इंजिनं भाड्यानं घ्यायची आणि त्यांना जुने डबे जोडायचे, असा तोडगा निघाला.

कंब्रियाच्या किनाऱ्यावरचा मार्ग पाहा. कार्लाइल ते बॅरो-इन-फर्नेस, सुमारे ८५ मैल. कितीतरी ठिकाणी रूळ अगदी समुद्राला लागून जातात. काही स्टेशनं इतकी लहान, की हात केला तरच गाडी थांबते. याच मार्गावर सेलाफील्डचा अणुप्रकल्प आहे आणि तिथले कामगार रोज गाडीनं ये-जा करतात. अणुइंधनाची वाहतूक करण्यासाठी डायरेक्ट रेल सर्व्हिसेस ही कंपनी १९९५ साली निघाली, आणि तिच्याकडे क्लास ३७ होतीच. २०१५ ते डिसेंबर २०१८ या काळात त्यांनी या मार्गावर प्रवासी गाड्या ओढल्या. २०१५ ते २०१९ दरम्यान नॉरिचहून ग्रेट यार्मथ आणि लोस्टॉफ्टकडे जाणाऱ्या काही गाड्यांना दोन्ही टोकांना एकेक इंजिन लागत असे. पुढे वेल्समध्ये कार्डिफहून ऱ्हिम्नीकडे चढत जाणाऱ्या मार्गावर २०१९-२० मध्ये हीच इंजिनं परतली. आणि जिथे इंजिनं गेली, तिथे क्रँक मंडळी पोचली. साधं तिकीट, साधी गाडी, शेजारी डबा घेऊन कामाला निघालेला माणूस. संग्रहालयात किंवा हौशी लोकांच्या वारसा रेल्वेवर हेच इंजिन पाहायला मिळतं, नाही असं नाही. पण तिथे ते आपल्यासाठी धावतं. इथे ते कामासाठी धावत होतं, आणि यांच्या आनंदाचं मर्म तिथे होतं.

इथे मात्र आपण थांबून दुसरी बाजूही बघायला हवी. त्या शेजारच्या माणसाला विचारा. इंजिन बिघडलं की त्याला कामावर खाडा पडतो. हौशी माणूस बिघाडाचीही आठवण करून ठेवतो, त्याला ते परवडतं. चाकाच्या खुर्चीतल्या माणसाचं काय? साठ-सत्तरच्या दशकांतले ते डबे त्याच्यासाठी बांधलेलेच नव्हते. म्हणून ब्रिटनमध्ये २०१९ च्या अखेरीपर्यंत सगळ्या प्रवासी गाड्या अपंगांना वापरता येतील अशा करण्याची मुदत ठरली होती. जुने डबे मागे पडण्याचं ते एक मोठं कारण. आणि धुराबद्दल तर वेगळं सांगायला नकोच.

सर्वांत गंभीर गोष्ट खिडकीची. या जुन्या डब्यांच्या दाराला आतून मूठ नसते. खिडकी खाली करायची, हात बाहेर काढायचा आणि बाहेरची मूठ फिरवायची. त्याच खिडकीतून डोकं बाहेर काढून थ्रॅश ऐकायचा, ही हौशी लोकांची आवडती जागा. ऑगस्ट २०१६ मध्ये दक्षिण लंडनमधल्या बालमजवळ अशाच प्रकारच्या खिडकीतून डोकं बाहेर काढलेल्या एका प्रवाशाचा सिग्नलच्या सांगाड्यावर आदळून मृत्यू झाला. डिसेंबर २०१८ मध्ये बाथजवळ ट्वर्टन इथे झाडाची फांदी लागून आणखी एक प्रवासी गेला. त्या दोन्ही गाड्यांना क्लास ३७ नव्हतं, पण खिडकी तशीच होती. कुठलाही छंद माणसाच्या जिवापेक्षा मोठा नाही, हे इथे स्पष्ट म्हणायलाच हवं.

मग हे सगळं संपलं ते बरंच झालं का? आम्हाला वाटतं, प्रवाशांसाठी नवी गाडी आली हे बरंच झालं. ज्या गावाला एकच रेल्वेमार्ग आहे, त्या गावाला चांगली गाडी मिळायलाच हवी. पण एखादं यंत्र पन्नास वर्षं राबतं, तेव्हा ते माणसांच्या रोजच्या आयुष्यात मुरलेलं असतं. त्याची नोंद ठेवणारे, आवाज ध्वनिमुद्रित करणारे, नंबर लिहून ठेवणारे लोक नसते, तर त्या कामाचा इतिहास फक्त कंपन्यांच्या हिशेबाच्या वह्यांत उरला असता.

आता व्हल्कन फाउंड्रीकडे परत येऊ. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला जी पहिली गाडी निघाली, तिची इंजिनं याच कारखान्यातली. म्हणजे आपल्या पहिल्या गाडीचं आणि या ‘ट्रॅक्टर’चं माहेर एकच! आणि आपल्याकडेही तेच घडतंय. कोकण रेल्वे १९९८ साली पूर्ण मार्गावर सुरू झाली, २०२२ मध्ये तिचं विद्युतीकरण पूर्ण झालं. बोगद्यातून बाहेर पडणाऱ्या डिझेलचा आवाज ऐकत ज्यांनी गणपतीला गाव गाठलं, त्यांना आजचा विषय फार परका वाटू नये.

एवढंच सांगतो आणि थांबतो. पुढच्या वेळी तुमची पॅसेंजर एखाद्या छोट्या स्टेशनवर थांबेल, तेव्हा वैतागण्याआधी ती पुन्हा निघतानाचा आवाज एकदा कान देऊन ऐका. फक्त डोकं आत ठेवा.