काट्याच्या जागी फुलोरा : बोगनवेलीच्या वामनवृक्षाची घडण व छाटणी

झाडावर फूल कसे आणावे, हे अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातील बागायतदारास नव्याने शिकवावे लागत नाही. श्रीगोंद्याचा लिंबू बागायतदार, राहात्याचा पेरू बागायतदार आणि संगमनेरकडील डाळिंब बागायतदार हे सर्व ठरलेल्या वेळी झाडाचे पाणी तोडतात, पानगळ होऊ देतात, बेताची छाटणी करतात व मग पाणी देऊन बहार धरतात. परंतु हाच बागायतदार घरापुढील कुंडीतल्या फुलवेलीस रोज पाणी घालतो, अधूनमधून मूठभर युरिया देतो आणि वेल नुसतीच पानांनी माजते अशी तक्रार करतो. बागेत जे ज्ञान त्याच्या अंगवळणी पडले आहे, ते कुंडीपाशी येताच विसरले जाते. फुलणारा वामनवृक्ष, म्हणजेच बॉन्साय, करू इच्छिणाऱ्याने प्रथम ही विस्मृती दूर करणे अगत्याचे आहे.

विस्टेरियाचा मोह

फुलणाऱ्या वेलींच्या वामनवृक्षांत चीन व जपानमधील विस्टेरिया ही वेल फार प्रसिद्ध आहे. तिचे जांभळे, लोंबते घोस चित्रांत पाहून अनेकांस ती लावण्याचा मोह होतो. ही वेल शेंगवर्गीय असून तिचा फुलोरा बहुधा जुन्या लाकडावरील आखूड फांद्यांवर येतो. म्हणून तिकडे तिची छाटणी वर्षातून दोनदा करतात. उन्हाळ्यात लांबलेले फुटवे पाच-सहा पानांवर तोडतात व हिवाळ्यात तेच फुटवे दोन-तीन डोळ्यांवर आणतात. अशा रीतीने वेलीचा जोर लांबीत न जाता फुलाच्या डोळ्यांत साठतो.

तत्त्व उत्तम असले तरी ही वेल आपल्या जिल्ह्यास मानवणारी नव्हे. भरघोस फुलण्यासाठी तिला हिवाळ्यात दीर्घकाळ कडक थंडी लागते, व वाढीच्या काळात कुंडीत भरपूर पाणीही लागते. पठारी व पर्जन्यछायेच्या भागात या दोन्ही गोष्टींची वाण आहे. बियांपासून केलेले रोप तर अनुकूल हवेतही फुलण्यास दहा-पंधरा वर्षे घेते. शिवाय तिच्या शेंगा व बिया विषारी असतात, हेही मुलाबाळांच्या घरी लक्षात ठेवावे. एखाद्या बचत गटाने किंवा रोपवाटिकाधारकाने अशा रोपांवर पैसा घालणे म्हणजे न येणाऱ्या बहाराची वाट पाहणे होय. जांभळ्या घोसांची हौसच असेल, तर नीलमणीची वेल मांडवावर चढवावी. वामनवृक्षासाठी मात्र आपल्या हवेत बोगनवेलीसारखी दुसरी सोयीची वेल क्वचितच सापडेल.

काटा आणि फूल

बोगनवेल मूळची दक्षिण अमेरिकेतील. तिचे जे रंगीत ‘फूल’ म्हणून ओळखले जाते, ती वस्तुतः रंगीत पाने होत. खरी फुले त्यांच्या आत असून ती लहान, नळीसारखी व पांढुरकी असतात. याहूनही ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की, पानाच्या बगलेत ज्या जागी काटा येतो त्याच जागी फुलोराही येतो. दोहोंचा उगम एकच आहे. वेलीस पाणी व नत्र मुबलक मिळाले, तर त्या जागी बहुधा काटा तयार होतो. दिवस लहान होऊ लागले, ऊन भरपूर मिळाले आणि पाणी आखडले, म्हणजे तेथेच फुलोरा दिसू लागतो. वामनवृक्ष करणाराचे सारे कौशल्य काट्याच्या जागी फुलोरा आणण्यात आहे.

खोडाची निवड व लागवड

पेन्सिलीएवढ्या जाडीची, वीतभर लांबीची पक्व काडी पावसाळ्याच्या आरंभी लावल्यास रोप तयार होते. परंतु तिचे खोड जाड होण्यास बरीच वर्षे जातात. कुंपणाची जुनी बोगनवेल काढून टाकण्याची वेळ आली असेल, तर तिचे मनगटाएवढे खोड जाळण्याऐवजी मुळांसह उचलावे. मालकाची संमती घेऊन, पहिला चांगला पाऊस झाल्यावर हे काम करणे हितावह आहे. बोगनवेलीची बारीक मुळे ठिसूळ असतात, म्हणून मुळांभोवतीची माती झटकून अथवा धुऊन काढू नये. खोड प्रथम एक वर्ष साध्या मोठ्या कुंडीत वाढवावे व मगच उथळ कुंडीत घ्यावे.

दोन भाग पोयट्याची माती, एक भाग जाड वाळू किंवा विटांचा चुरा आणि एक भाग चांगले कुजलेले शेणखत असे मिश्रण घ्यावे. पारनेरकडील मुरमाड मातीही पोयट्यात मिसळून उपयोगी पडते. निव्वळ काळी माती घालू नये. ती पाणी धरून ठेवते, त्यामुळे ताण बसत नाही आणि मुळे कुजतात. कुंडीच्या तळाशी छिद्र अवश्य असावे व त्यावर खापरी ठेवावी.

आकार देणे

खोडाच्या उंचीच्या खालच्या तिसऱ्या भागातील फुटवे काढून खोड उघडे ठेवावे. त्यावर तीन ते पाच मुख्य फांद्या वेगवेगळ्या दिशांना राखाव्यात. खालची फांदी सर्वांत लांब व वरच्या क्रमाने आखूड असावी. वेलीचा जोर स्वभावतः शेंड्याकडे धावतो, म्हणून शेंड्याची छाटणी कडक व खालच्या फांद्यांची सौम्य करावी. जुनी फांदी वाकविताना मोडते. सबब अर्धवट पक्व फुटव्यांवरच ॲल्युमिनियमची तार तिरकी गुंडाळून वळण द्यावे, व तार सालीत रुतण्यापूर्वी सोडून घ्यावी. ही वेल फुलांच्या भाराने लोंबते, तेव्हा कुंडी उंचावर ठेवल्यास विस्टेरियासारखी शोभा येते. मोठी छाट कुजण्याचा संभव असल्याने तिच्यावर बोर्डो मलम लावावे.

वर्षाचे वेळापत्रक

जून महिन्यात मुख्य छाटणी करावी. प्रत्येक फांदी दोन-तीन डोळ्यांवर आणावी व गरज असल्यास याच वेळी कुंडीतील माती बदलावी. जुलै व ऑगस्टमध्ये फुटवे चार-पाच पानांचे झाले की शेंडे खुडावेत, म्हणजे बाजूचे फुटवे वाढतात. फुलोरा नव्या फुटीवर येत असल्याने जितके फुटवे अधिक, तितकी फुले अधिक. सप्टेंबरअखेर खुडणी थांबवावी व नत्रखत बंद करावे. हाडांचा चुरा व थोडे पालाश द्यावे. परतीचा पाऊस संपताच ताण सुरू करावा. पहिला बहार ओसरल्यावर वाळलेल्या फुलोऱ्यासह फांदीचा शेंडा छाटावा, नवी फूट पक्व होऊ द्यावी व पुन्हा ताण द्यावा. अशा रीतीने उन्हाळ्यापर्यंत दोन ते तीन बहार घेता येतात. कुंडीस दिवसातून निदान पाच-सहा तास प्रत्यक्ष ऊन मिळाले पाहिजे. सावलीतील वेलीस ताण देऊन काही लाभ होत नाही.

ताणाची मर्यादा

येथेच बागायतदाराने सावध राहावे. बागेतील झाडाची मुळे खोलवर गेलेली असतात, त्यामुळे जमिनीच्या मगदुराप्रमाणे महिना-दीड महिना ताण सहन होतो. उथळ कुंडीत चार बोटे माती असते. तेथे आठवडाभर पाणी तोडले तर वेल कायमची जाण्याचा संभव असतो. म्हणून दिवस मोजू नयेत, पान पाहावे. दुपारी पान मलूल होऊन रात्री सावरत असेल, तर ताण योग्य आहे. सकाळीही पान मलूलच दिसले, तर त्याच वेळी पाणी द्यावे. पाणी द्यावयाचे तेव्हा तळाच्या छिद्रातून निथळेपर्यंत द्यावे, व पुन्हा पान मलूल होईपर्यंत थांबावे. असे दोन-तीन आठवडे केल्यावर बगलेत बारीक रंगीत कळ्या दिसतात. कळ्या दिसताच ताण संपवून नियमित पाणी सुरू करावे, अन्यथा त्या गळून पडतात.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी शाळेच्या अथवा ग्रामपंचायतीच्या आवारात दोन कुंड्या शेजारी ठेवून हा प्रयोग करून दाखवावा. एकीस रोज पाणी द्यावे व दुसरीस पान पाहून द्यावे. डिसेंबरपर्यंत दोहोंतील फरक लोकांच्या आपोआप ध्यानात येईल. ज्या जिल्ह्यात पाण्याचा प्रत्येक हंडा मोलाचा आहे, तेथे कमी पाण्यात अधिक फुलणारी वेल दारी असणे ही केवळ हौस नव्हे. पाणी केव्हा द्यावे याइतकेच ते केव्हा राखून ठेवावे, हेही ज्याला उमगले, त्याची कुंडी फुलते आणि त्याची बागही फुलते.