साथीतील जयंती आणि एका खोलीचे घर

१४ एप्रिल २०२० रोजी बाबासाहेबांची १२९वी जयंती आपण सर्वांनी घरात बसून साजरी केली. त्याच दिवशी सकाळी दहा वाजता पंतप्रधानांनी टीव्हीवर लॉकडाऊन ३ मेपर्यंत वाढवल्याचे सांगितले. मिरवणूक नाही, डीजे नाही, विहाराला कुलूप. तरी हदगावच्या वस्तीत दारादारावर पंचशील ध्वज होते, प्रतिमेपुढे मेणबत्त्या होत्या, पांढरे कपडे घातलेली लेकरे हात जोडून त्रिशरण-पंचशील म्हणत होती आणि दुपारी खीर होती. नांदेड जिल्ह्यात तेव्हा एकही रुग्ण नोंदलेला नव्हता. पहिला रुग्ण २२ एप्रिलला नांदेड शहरात सापडला.

पुढच्या वर्षीची जयंती वेगळी होती. २५ मार्च ते ४ एप्रिल २०२१ या काळात जिल्ह्यात टाळेबंदी झाली होती आणि १४ एप्रिलच्या रात्री आठपासून राज्यभर ‘ब्रेक द चेन’चे निर्बंध लागले. पहिल्या वर्षी आजार लांब होता आणि सण घरात होता. दुसऱ्या वर्षी सण आणि आजार दोन्ही एकाच खोलीत आले. एकाला ताप आला की आठवड्याभरात घरातले सगळे अंथरुणावर, असे किती घरांत झाले ते आपण पाहिले. गर्दी टाळली, हात धुतले, सॅनिटायझर आणले, तरी असे का झाले, हा प्रश्न अजूनही लोक विचारतात. त्याचे उत्तर समजून घेणे गरजेचे आहे, कारण ते फक्त कोरोनापुरते नाही.

सुरुवातीला आपल्याला सांगितले गेले की शिंकण्या-खोकण्यातून थेंब उडतात आणि सहा फुटांच्या आत खाली पडतात. ते खरे होते, पण अर्धेच. बोलताना, गाताना, घोषणा देताना तोंडातून अतिशय बारीक कणही निघतात. ते खाली पडत नाहीत, बंद खोलीत बराच वेळ तरंगत राहतात. जागतिक आरोग्य संघटनेनेही ३० एप्रिल २०२१ ला हे स्पष्टपणे मान्य केले. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातील स्कॅजिट येथे १० मार्च २०२० रोजी एका गायनमंडळाने बंद सभागृहात अडीच तास सराव केला. एक जण आजारी होता. ६१ जणांपैकी ५३ जणांना आजार झाला आणि दोघे दगावले. आपल्याकडे भीमगीतांचा कार्यक्रम, विहारातील सामूहिक वंदना, रात्रीची बैठक, सगळ्यात आवाज मोकळा सोडावा लागतो. म्हणून जागा मोकळी हवी.

घरची हवा कशी आहे हे तपासायला यंत्र लागत नाही. प्रतिमेपुढची अगरबत्ती पुरे. दार-खिडकी लावून ती पेटवा. दहा मिनिटांत कोपऱ्यातल्या अंथरुणापर्यंत वास जातो. आजारी माणसाचा श्वासही तसाच पसरतो. आता दार उघडा आणि समोरच्या बाजूची खिडकी उघडा; धूर एका बाजूला सरकून बाहेर जाताना दिसेल. खिडकी एकच असेल तर भिंतीच्या वरच्या भागात झरोका पाडून घेण्याचा खर्च फार नाही. घरकुल बांधणाऱ्यांनी तर गवंड्याला हे आधीच सांगावे. फरशीच्या रंगावर आपण तासभर बोलतो आणि झरोक्यावर कोणी बोलत नाही.

एप्रिलमध्ये अडचण अशी की आपल्याकडे ऊन चाळिशीला टेकते. पत्रा तापतो आणि दार लावून कूलर सुरू होतो. कूलर खिडकीत, बाहेरच्या बाजूला बसवलेला असेल तर तो बाहेरची हवा आत ढकलतो. समोरचे दार थोडे उघडे ठेवले तर घर गारही राहते आणि जुनी हवा बाहेर जाते. हाच कूलर खोलीच्या आत ठेवला तर तीच हवा फिरवत बसतो. पंख्याचेही तेच. घरात तापाचा माणूस असेल तर टेबलफॅन खिडकीत बाहेर तोंड करून ठेवावा.

‘रुग्णाला वेगळ्या खोलीत ठेवा, वेगळे संडास-बाथरूम द्या,’ असे सरकारी पत्रकात लिहिले होते. दहा बाय बाराच्या घरात सहा माणसे राहतात हे ज्याने पाहिलेले नाही, त्यानेच ते लिहिले असावे. आपल्या घरात जे शक्य आहे ते असे. रुग्णाचे अंथरूण दाराजवळ किंवा ओट्यावर. रात्री उकाडा असतोच, तेव्हा इतरांनी अंगणात झोपावे. एकाच ओळीत झोपावे लागले तर एकाचे डोके पूर्वेला, दुसऱ्याचे पश्चिमेला. रुग्णाने आणि सेवा करणाऱ्याने मास्क नाक झाकून लावावा. जेवताना मास्क निघतो आणि गप्पा होतात, म्हणून रुग्णाने आधी जेवावे आणि बाकीच्यांनी बाहेर बसून. सार्वजनिक संडास असेल तर रुग्णाने गर्दीची वेळ टाळावी. सेवा करणारे शक्यतो तरुण आणि लस घेतलेले असावे. आजीला साखर किंवा बीपी असेल तर तिला ही जबाबदारी देऊ नका, ती कितीही आग्रह करो. आणि एक सांगतो. जयंतीची खीरही सुनेने करायची, आजाऱ्याच्या उशाशीही तिनेच बसायचे, असे चालले तर चौथ्या दिवशी तीही पडते. पुरुषांनी आणि मोठ्या मुलांनी पाळी लावून घ्यावी.

साथीत एक शब्द आला, ‘सोशल डिस्टन्सिंग’. मराठीत त्याचे ‘सामाजिक अंतर’ झाले आणि आपल्या जुन्या माणसांच्या कपाळावर आठी पडली. सामाजिक अंतर आपल्या पूर्वजांनी पिढ्यान्‌पिढ्या भोगले आहे. ते आरोग्याचे साधन म्हणून कोणी कसे सांगावे? जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२० मध्येच हा शब्द सोडून ‘शारीरिक अंतर’ म्हणायला सुरुवात केली, पण इथे जुनाच रूढ झाला. शब्दाचे नुकसान प्रत्यक्षात दिसले. घरावर स्टिकर लागला की नळावर पाणी भरू देत नाहीत, दुकानदार सामान देत नाही, म्हणून लोक ताप लपवू लागले. तपासणी नको, आशाताईला ‘सगळे ठीक आहे’ सांगायचे. मग सातव्या-आठव्या दिवशी श्वास लागला की जीप करून नांदेड गाठायचे. हा रस्ता साठ-सत्तर किलोमीटरचा आहे आणि त्या दिवसांत तिथे खाट मिळेलच याची खात्री नसे.

महावग्गात एक प्रसंग आहे. एका भिक्खूला जुलाबाचा आजार झाला होता आणि तो स्वतःच्याच घाणीत पडून होता. तो इतरांच्या काही उपयोगी पडत नाही म्हणून दुसरे भिक्खू त्याची सेवा करत नव्हते. तथागतांनी आनंदाला पाणी आणायला लावले. त्यांनी स्वतः पाणी ओतले, आनंदाने अंग धुतले आणि दोघांनी डोक्याकडून व पायाकडून उचलून त्याला खाटेवर ठेवले. मग त्यांनी संघाला जाब विचारला. सावित्रीमाईंनी १८९७ च्या प्लेगमध्ये हेच केले आणि १० मार्चला त्याच रोगाने त्या गेल्या. त्यांच्याजवळ मास्क नव्हता, लस नव्हती. आपल्याजवळ दोन्ही आहे, तेव्हा शेजारच्या आजारी घराला पाण्याची घागर ओट्यावर ठेवून देणे, खिरीचा डबा देणे आणि दोन हात लांबून आवाज देऊन विचारपूस करणे यात फारसा धोका नाही.

आता लक्ष कशावर ठेवायचे. कोरोनात अनेकांना दम लागत नव्हता, तरी रक्तातला प्राणवायू उतरत होता. म्हणून वस्तीत चार-पाच घरांत मिळून एक ऑक्सिमीटर असावा. नेलपॉलिश काढून, मेंदी नसलेल्या बोटाला तो लावावा. आकडा ९४ च्या खाली असेल तर वाट न पाहता दवाखाना गाठावा. ९४ किंवा वर असेल तर सहा मिनिटे घरातच चालून पुन्हा मोजा. तीन किंवा जास्त आकड्यांनी उतरला तरी दवाखाना. चालताना दम लागला तर लगेच थांबा. ओठ निळे पडणे, माणूस गोंधळल्यासारखे बोलणे, उठवूनही न उठणे, यात आकडा बघत बसू नये. वाहन येईपर्यंत शुद्धीवर असलेल्या रुग्णाला पालथे झोपवावे, त्याने फुप्फुसाला मदत होते. गरोदर बाईला मात्र पालथे झोपवू नये. मेडिकलवरून स्टिरॉइडची गोळी मनाने आणून देऊ नका. २०२१ मध्ये काळ्या बुरशीने डोळे गेले, जबडे काढावे लागले, त्यात साखर वाढलेले आणि स्टिरॉइड घेतलेले रुग्ण पुष्कळ होते. वाफाऱ्याने विषाणू मरत नाही. उकळत्या पातेल्यामुळे लेकरे भाजतात एवढे मात्र खरे.

साथीत काही घरांनी माणूस गमावला आणि त्याला नीट निरोपही देता आला नाही. अंत्यविधीला वीस माणसांची मर्यादा होती. पुण्यानुमोदनाला लेकी येऊ शकल्या नाहीत, कोणी मोबाईलवर वंदना ऐकली. ते दुःख तसेच राहून गेलेल्या घरांनी या जयंतीला किंवा बुद्धपौर्णिमेला, राहिलेले पुण्यानुमोदन सगळ्यांना बोलावून करावे. त्याला उशीर झाला असे काही नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने कोरोनाची आणीबाणी संपल्याचे जाहीर केले तो दिवस ५ मे २०२३, नेमकी बुद्धपौर्णिमा. विषाणू मात्र गेलेला नाही, आणि हवेतून जाणारा दुसरा जुना आजार आपल्या वस्तीत साथीच्या आधीपासून आहे, तो म्हणजे क्षयरोग. त्यालाही हीच बंद खोली आवडते. जयंतीला पुण्या-मुंबईहून, हैदराबादहून पोरे घरी येतात, आठ दिवस एकत्र झोपतात. त्यांच्यापैकी कोणाला दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल, संध्याकाळी ताप येत असेल, वजन उतरले असेल तर परत जाण्याआधी सरकारी दवाखान्यात थुंकी तपासून घ्या. तपासणी आणि औषध दोन्ही मोफत आहेत. नाव नोंदले की जिथे कामाला जाईल तिथेही औषध सुरू ठेवता येते.