चढावर हात देणारी सायकल

सप्टेंबर 1946. महायुद्ध संपून वर्ष उलटलं, तरी लंडनकरांच्या मागचं रेशनिंग काही सुटलं नव्हतं. त्यातच व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये ‘ब्रिटन कॅन मेक इट’ हे प्रदर्शन भरलं. मांडलेल्या बऱ्याच वस्तू एक तर निर्यातीच्या, नाहीतर अजून बाजारात न आलेल्या. साहजिकच त्याचं नाव पडलं ‘ब्रिटन कान्ट हॅव इट’. तिथे मांडलेल्या बेंजामिन बाउडन यांच्या सायकलला हा टोमणा तंतोतंत लागू पडला.

बाउडन मूळचे मोटारींचे डिझायनर. सायकलची फ्रेम नळ्यांचीच हवी, हे त्यांना मान्य नव्हतं. त्यांनी ॲल्युमिनियमच्या पत्र्याचा पोकळ, गोलाईदार सांगाडा केला आणि चेनऐवजी शाफ्ट बसवला. खरी करामत चाकाच्या हबमध्ये होती. आपल्या जुन्या सायकलींचा टायरला घासणारा डायनॅमो दिवा लावायचा आणि पायडल जड करायचा. बाउडन यांचा डायनॅमो उतारावर वीज साठवून चढावर तीच स्वाराच्या मदतीला देणार होता.

लोक कौतुकाने बघत राहिले, कारखानदार मात्र पुढे येईनात. नळ्यांच्या सायकली खपत असताना नव्या साच्यांवर पैसा कोण ओतणार? अखेर 1960 मध्ये अमेरिकेत ती ‘स्पेसलँडर’ नावाने बाजारात आली, पण फायबरग्लासची आणि साध्या चेनची. शाफ्ट गेला, हबमधला डायनॅमोही गेला. किंमत साडेएकोणनव्वद डॉलर. जेमतेम पाचशेच्या आसपास सायकली निघाल्या आणि उत्पादन थांबलं.

नवं केलं की आपटलंच, असंही नाही. ॲलेक्स मोल्टन यांनी 1962 मध्ये लहान चाकांची, रबरी सस्पेन्शनची सायकल आणली. रॅले कंपनीने आधी नकार दिला, तेव्हा त्यांनी स्वतःचा कारखाना काढला. 1967 मध्ये त्याच रॅलेने तो धंदा विकत घेतला. उलट स्वीडनची ‘इटेरा’ ही प्लॅस्टिकची सायकल 1982 मध्ये आली आणि तीनच वर्षांत गुंडाळली गेली. गंजत नव्हती, पण चालवताना लवायची. मोल्टन यांनी चाक लहान केलं ते सस्पेन्शनच्या जोडीने, चालवणाऱ्याचा विचार करून. इटेरात नव्या मालाची हौस मोठी होती.

बाउडन यांचं दुखणं याहून वेगळं. विकणाऱ्यांनी त्यांच्या सायकलीचा आकार ठेवला आणि चढावर साथ देण्याची कल्पना टाकून दिली. ती कल्पना 1993 मध्ये जपानमध्ये यामाहाच्या ‘पास’ सायकलमधून वेगळ्या रूपात आली: पायडलवरचा जोर ओळखून मोटर साथ देऊ लागली. दिसायला मात्र ती साधीसुधीच सायकल होती. आजच्या ई-सायकली याच वाटेने आल्या. तेव्हा ई-सायकल घ्यायला जाल, तर रंग आणि ऐट नंतर बघा. आधी ती चढावर नेऊन चालवा.