नाव झाका, आकडे उघडा!

वाचकहो, एखादे औषध गुणकारी आहे असा निर्वाळा विद्वान देतात. पण तो निर्वाळा तपासायचा कोणी? अमेरिका-कॅनडात खिन्नतेने ग्रासलेली २७५ किशोरवयीन मुले घेऊन पॅरॉक्सेटिनची चाचणी झाली. औषध परिणामकारक आहे व सहज सोसते, असे २००१ साली छापून आले. २०१५ साली दुसऱ्या संशोधकांनी मूळ नोंदी पुन्हा तपासल्या. औषध निरुपयोगी ठरले; वर आत्मघाताचे विचार वाढल्याचे दिसले!

रुग्णाचे नाव गुप्तच राहावे. दुर्मिळ आजारात गाव आणि वय एवढ्यावरूनही माणूस ओळखता येतो, म्हणून तेही झाकावे. बाकीचे आकडे मात्र सर्वांपुढे मांडलेच पाहिजेत. ज्यांनी आपला देह परीक्षेला लावला, त्यांचे ते देणे आहे, असे मी मानतो.