लंडनचें प्रधानमंडळ आणि आमची प्राणहिता

विलायतेंतील प्रधानमंडळांत कोण आला नि कोण गेला, याच्याशीं वर्धा-वैनगंगेच्या कांठच्या कुणब्यास काय कर्तव्य, असें पुष्कळांस वाटेल. परंतु आपल्या चंद्रपूर-गडचिरोली भागाची दक्षिण सीमा, तेथील नदीवरील बांधकामांचा इतिहास व कापसाच्या भावाची पहिली मोठी चढउतार, या तिन्ही गोष्टींचा उगम एकाच प्रधानमंडळाच्या कारकीर्दींत सांपडतो. म्हणून हा वृत्तांत सभासदांपुढें ठेवीत आहें.

नागपूरचें राज्य १८५४ सालीं खालसा झालें व चांदा इंग्रजी अंमलाखालीं आला. १८५८ सालीं कंपनीचा कारभार जाऊन भारतमंत्री हें पद लंडनांत निर्माण झालें. पुढील वर्षीं लॉर्ड पामर्स्टन दुसऱ्यांदा मुख्य प्रधान झाले. त्यांच्या मंडळांत रसेल परराष्ट्रमंत्री, ग्लॅडस्टन खजिन्याचे मंत्री व सर चार्ल्स वुड भारतमंत्री होते. आमच्या नद्या व जमिनी यांवरील मोठ्या खर्चाचा अखेरचा शब्द आतां या मंडळींचा होता.

त्या काळीं इंग्लंडच्या गिरण्यांस लागणाऱ्या कापसाचा तीनचतुर्थांशाहून अधिक भाग अमेरिकेंतून येई. एकाच देशावर विसंबणें धोक्याचें, हें ओळखून मँचेस्टरच्या गिरणीवाल्यांनीं १८५७ सालीं कापूस पुरवठ्यासाठीं एक मंडळ स्थापिलें. त्यांची दृष्टि वऱ्हाडच्या व हिंगणघाटच्या कापसावर गेली. अडचण होती ती वाटेची. राजमहेंद्रीजवळ धवळेश्वर येथें गोदावरीस बांध घालणारे सर आर्थर कॉटन यांचें म्हणणें असें कीं, वर्धा, प्राणहिता व गोदावरी या नद्यांतून नावांनीं माल थेट समुद्रापर्यंत न्यावा. परंतु दुम्मागुडेम, इंचमपल्ली व प्राणहितेवरील देवलमरी अशा तीन ठिकाणीं खडकांचे मोठे अडथळे होते. शिवाय कांठचा बराचसा मुलूख निजामाचा.

मुलुखाचा प्रश्न तहानें सुटला. २६ डिसेंबर १८६० च्या तहान्वयें निजामानें गोदावरीच्या डाव्या तीराचा प्रदेश इंग्रजांस दिला व नदीवरील व्यापार जकातमुक्त झाला. इंग्रजांनीं त्यास धाराशिव व रायचूर दुआब परत केले, सुरापूर दिलें आणि पन्नास लाखांचें कर्ज सोडलें. सिरोंचा हें नव्या ‘अपर गोदावरी’ जिल्ह्याचें ठाणें झालें. महाराष्ट्र-तेलंगणाची सिरोंच्याजवळील आजची नदीसीमा याच तहाची खूण होय.

इतक्यांत एप्रिल १८६१ मध्यें अमेरिकेंत यादवी पेटली. उत्तरेकडील सरकारनें दक्षिणेचीं बंदरें रोखलीं, कापूस थांबला, आणि १८६२ च्या हिवाळ्यांत लँकेशायरचे सुमारें पांच लाख लोक मदतीच्या अन्नावर आले. त्या शरदऋतूंत प्रधानमंडळांत मोठा खल झाला. रसेल व ग्लॅडस्टन यांचा कल मध्यस्थी करण्याकडे होता; युद्धमंत्री लुईस यांचा तीव्र विरोध होता. फ्रान्सच्या बादशहानें मिळून मध्यस्थी करूं असें सुचविलें, तें नोव्हेंबर १८६२ मध्यें मंडळानें नाकारलें. युद्ध १८६५ पर्यंत चाललें. तोंवर हिंदुस्थानी कापसास पूर्वीच्या कित्येकपट भाव मिळाला.

इकडे कॅप्टन हेग यांच्या देखरेखीखालीं गोदावरीचें काम चालू होतें. तापानें मजूर हैराण होत. नदी वर्षांतील कांहीं महिनेच नावांच्या उपयोगाची. १८६५ सालीं युद्ध संपलें, अमेरिकेचा कापूस पुन्हां येऊं लागला व भाव कोसळले. मुंबईच्या पेढ्याही बुडाल्या. त्याच वर्षीं ऑक्टोबरांत पामर्स्टन निवर्तले. १८६७ सालीं आगगाडी नागपुरास पोंचली. मग नदीची गरज कोणास? ग्लॅडस्टन मुख्य प्रधान असतां, १८७१ सालीं काम सोडून देण्यांत आलें. १८७४ सालीं तो जिल्हा मोडून सिरोंचा चांद्यास जोडला गेला.

या सर्व कारभारांत कोणी आमचें वाईट चिंतिलें होतें असें नव्हे. त्यांनीं मँचेस्टरच्या मागांचा हिशेब केला, निजामाच्या कर्जाचा केला, खजिन्याचा केला. शेत कसणाऱ्याचा हिशेब मात्र त्या टेबलावर नव्हता. भाव चढला तेव्हां तो आपल्या कष्टानें चढला असें ज्यानें मानिलें व त्या भरंवशावर ऋण काढिलें, तो भाव उतरतांच अडकला.

हा विषय जुना म्हणून सोडून देण्यासारखा नाहीं. त्याच पाण्याविषयीं २०१६ सालीं महाराष्ट्र व तेलंगणा सरकारांत करार झाला आणि सिरोंच्यासमोर मेडीगड्डा येथें गोदावरीवर धरण उभें राहून २०१९ सालीं त्याचें उद्घाटन झालें. फुगवट्यानें शेतें बुडतात, अशी सिरोंचा तालुक्यांतील शेतकऱ्यांची तक्रार वारंवार पुढें आली आहे. १८६० च्या तहाच्या वेळीं खातेदारास कोणी विचारलें नाहीं व विचारतें तरी दाखवावयास त्याच्यापाशीं कागद नव्हता. आज कागद आहे. नदीकांठच्या प्रत्येक खातेदारानें सातबाऱ्याचा उतारा, मोजणीचा नकाशा व नुकसानीच्या प्रत्येक पंचनाम्याची नक्कल आपल्या पेटींत ठेवावी, आणि पीकपाहणींत उभें पीक बरोबर नोंदलें गेलें आहे कीं नाहीं हें दर हंगामास पाहावें. दोन सरकारें बोलणीं करावयास बसतात, तेव्हां तोंडी गाऱ्हाण्यापेक्षां लेखी नोंद पुढें चालते.